अन्नविज्ञान : पाच वर्षांत दोन पदव्या

बेकरी, मांस आणि मिठाईच्या धंद्यात आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण माल का नासतो, जिलेटिन कोणत्या जनावराचे, हे तपासायला तज्ज्ञ बहुधा बाहेरचा लागतो. तो घरातच का घडू नये?

अमेरिकेत अन्नविज्ञानाची पदवी चार वर्षांची, पदव्युत्तर पदवी साधारण दोन वर्षांची. काही विद्यापीठांत चांगल्या गुणांचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षी अर्ज करून चौथ्या वर्षीच पदव्युत्तर विषय घेऊ शकतो. ते दोन्ही पदव्यांसाठी धरले जातात. एका वर्षाची फी व खर्च वाचतो.

मात्र अशा अभ्यासक्रमात अनेकदा प्रबंध नसतो. पुढे संशोधन करायचे असल्यास प्रबंधाची सोय आणि विद्यावेतन आहे का, हे पालकांनी प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे.