‘मेर्सेदेस’ : एका नांवाची कुळकथा

‘मर्सिडीज’ हें नांव ऐकतांच डोळ्यांपुढें उंची मोटारगाडी उभी राहते. परंतु तें मुळांत स्पेन देशांतील मुलींचें नांव असून त्याचा खरा उच्चार ‘मेर्सेदेस’ असा आहे.

प्रभु येशूची माता मरीया हिच्या नांवास तिचें एखादें बिरुद जोडून मुलीचें नांव ठेवण्याची तेथें जुनी चाल आहे. ‘मारिया दे लोस दोलोरेस’ म्हणजे दुःखांची मरीया; ‘मारिया दे लास मेर्सेदेस’ म्हणजे कृपांची मरीया. नित्याच्या बोलण्यांत ‘मारिया’ गळून बिरुद तेवढें उरतें.

‘मेर्सेदेस’ हें ‘मेर्सेद’ म्हणजे कृपा, या शब्दाचें अनेकवचन. त्याचें मूळ लॅटिन ‘मेर्केस’ या शब्दांत आहे, आणि त्याचा अर्थ मात्र मजुरी अथवा मोल असा होता. मग मोलाचा शब्द कृपेचा वाचक कसा झाला? ज्यास परतफेड करितां येत नाहीं, अशा दुबळ्यावर उपकार केल्यास त्याचें वेतन स्वर्गांत मिळतें, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. तिच्यामुळें वेतनाचा शब्द हळूहळू त्या दयेलाच लागू झाला. इंग्रजी ‘मर्सी’ हा शब्दही याच मुळाचा.

मध्ययुगांत भूमध्य समुद्राच्या दोन्ही तीरांवर युद्धांत व चांचेगिरींत धरलेल्या लोकांस गुलाम करीत. १२१८ सालीं बार्सेलोना शहरीं पेद्रो नोलास्को यानें ख्रिस्ती बंदिवानांच्या सुटकेसाठीं कृपामातेच्या नांवें एक संघ स्थापिला. संघाचे लोक भिक्षा मागून खंडणीचा पैसा जमवीत. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज त्यांचें चौथें व्रत असें कीं, प्रसंग पडल्यास बंदिवानाच्या जागीं आपण स्वतः ओलीस राहावें. सुटणाऱ्यास स्वातंत्र्य फुकट मिळे. परंतु त्याचें मोल दुसऱ्या कोणी तरी भरलेलें असे. शब्दाचे जुने व नवे दोन्ही अर्थ येथें एकत्र आले. या कृपामातेचा सण २४ सप्टेंबर रोजीं असतो.

मोटारगाडीस हें नांव मिळालें तें एमिल येलिनेक या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याच्या, १८८९ सालीं जन्मलेल्या मुलीवरून. १९०२ सालीं तें व्यापारचिन्ह म्हणून नोंदलें गेलें, आणि बंदिवानांची कथा मागें पडली.

आपल्याकडेही मर्सी, करुणा, दया अशीं नांवें घरोघरीं आहेत. नांव आईबाप हौसेनें ठेवतात. त्याचें मोल मात्र ज्याचें त्यानेंच भरावयाचें असतें.