वायफायची किल्ली कोणाकोणाकडे?

गोव्यात पेडण्याच्या हरमल, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात खोल्या भाड्याने देणारी घरे वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून भिंतीवर चिकटवतात. डिचोली, साखळी, मये इकडे तो चतुर्थीला जमलेल्या प्रत्येक भाच्याच्या फोनात जाऊन बसतो. घरच्या वायफायमध्ये शिरणारा बहुतेक वेळा कुलूप फोडत नाही; आपणच कधीतरी दिलेली किल्ली घेऊन येतो. त्यामुळे खालच्या कृतीत यंत्रापेक्षा पासवर्डाच्या वाटपावर जास्त भर आहे.

‘थोडे नेट वापरले तर काय बिघडले?’ असे वाटत असेल तर २००८ आठवा. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला धमकीचा मेल नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या केन हेवूड या अमेरिकन गृहस्थाच्या कनेक्शनवरून निघाल्याचे दिसले. त्यांचे वायफाय असुरक्षित होते आणि वापरणारा दुसराच कोणी होता. पण पोलीस आधी पोचतात ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात.

कामाला बसताना घरात कोणाचा ऑनलाइन क्लास किंवा ऑफिसची मीटिंग नाही ना ते बघा, कारण मध्ये नेट तुटणार आहे. राउटरच्या खाली किंवा मागे असलेल्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. एका गोष्टीला मात्र हात लावू नका: टाचणीने दाबायचे रिसेटचे छिद्र. फायबरच्या डब्यात कंपनीने भरलेली माहिती त्याने पुसली जाऊ शकते, आणि मग लाइनमन येईपर्यंत घर नेटविना.

आता फोन त्याच वायफायला जोडून ब्राउझर उघडा आणि स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या राउटरला १९२.१६८.२९.१, आकडे इंग्रजीत टाइप करायचे. लॉगिनचे पान येईल. तिथले नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ चालले, तर पहिले काम सापडले: हा पासवर्ड आधी बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, राउटरच्या आतल्या पानांचा वेगळा. दुसरा कोणाच्या हाती लागला तर पहिला कितीही लांब असून उपयोग नाही.

मग वायरलेस सिक्युरिटीचे पान. तिथे डब्ल्यूपीए३ दिसत असेल तर ते निवडा. जुने फोन अडत असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र, तेही नसेल तर एईएस असलेले डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी हे जुने कुलूप २००१ मध्येच फोडता आले होते. तुमच्या राउटरवर तेवढाच पर्याय असेल तर तो राउटर भंगारात द्या, दुरुस्तीत पैसे घालू नका.

पासवर्डापाशी जरा थांबू. आपल्याकडे मोबाईल नंबर हाच पासवर्ड ठेवायची पद्धत आहे. दहा आकडे म्हटले की सुरक्षित वाटते. पण पहिला आकडा ६ ते ९ यांतलाच, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर. डब्ल्यूपीए२ मध्ये एखादा फोन वायफायला जोडला जातानाचे हवेतले बोलणे रस्त्यावरून टिपता येते. पुढचे अंदाज चोर आपल्या घरी बसून लावतो. राउटरला पत्ताही नसतो. चांगले ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकाला हे ४०० कोटी नंबर तपासायला तासही लागत नाही. नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला असेल तर तेवढेही नको. तीच गत सातेरी, भगवती, शांतादुर्गा या नावांपुढे १२३ जोडण्याची. देवी राखणदार खरी, पण तिचे नाव वाड्यावरच्या पोरांना सर्वांत आधी सुचते. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन अक्षरांत जोडा: रापण, तवसे, पंचायत, छत्री असे काहीतरी. (हे आता छापले गेले, तुमचे तुम्ही शोधा.) कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरे चालतात, वीसच्या पुढे जा. वायफायचे नावही बदला, त्यात आडनाव किंवा घर नंबर नको.

डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून जोडण्याची ही सोय आठ आकडी पिनवरही चालते. ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडते, हे २०११ मध्ये उघड झाले. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद.

आता पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. पेडण्यात खोल्या देणाऱ्यांनी तर याशिवाय राहूच नये. भिंतीवर फक्त गेस्टचा पासवर्ड. तो हंगाम सुरू होताना आणि संपल्यावर बदला. डिचोलीकडच्यांनी चतुर्थीचे पाहुणे परतले की बदला. क्यूआर दाखवला म्हणजे पासवर्ड गुप्त राहिला असे समजू नका: अनेक अँड्रॉइड फोन क्यूआरखाली तो अक्षरांत लिहून देतात आणि पाहुणा पुढच्याला देतो. घरचे नेटवर्क घरच्यांनाच, शेजारच्या काकूंनाही गेस्टच. वाईट दिसेल, पण पासवर्ड नाकारण्यापेक्षा बरे.

सीसीटीव्हीचा डबा, म्हणजे डीव्हीआर, तोही गेस्टवर टाका. मालक आखातात किंवा मुंबईत आणि घर कॅमेऱ्याच्या भरवशावर, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बसवणाऱ्याने बदलला की नाही, हे त्याला विचारण्यापेक्षा स्वतः लॉगिन करून बघा.

चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही, म्हणून पडवीत रिपीटर लावला जातो. आतला राउटर कडेकोट आणि पडवीतला रिपीटर पासवर्डाशिवाय, असे घडू शकते. फोनमधली नेटवर्कची यादी घेऊन घराभोवती एक फेरी मारा; आपले एखादे नाव कुलपाशिवाय दिसते का पाहा.

नेटवर्कचे नाव लपवणे आणि ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणे, या दोन्हींवर लोक उगाच वेळ घालवतात. माहीतगाराला दोन्ही अडवत नाहीत.

शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. अनोळखी नाव दिसले तरी लगेच चोर ठरवू नका. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता सांगतात, त्यामुळे घरचाच फोन परका वाटू शकतो. एकेकाचे वायफाय बंद करून कोणते नाव जाते ते बघा. तरीही एखादे उरलेच आणि बँकेचा किंवा मेलचा काही गैरप्रकारही दिसत असेल, तर आधी यादीचा आणि वेळेचा फोटो काढा, मगच पासवर्ड बदला. उलट केलेत तर यादी जाईल. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि तो फोटो तक्रारीला जोडा.