पक्ष्यांचा रोग व सस्तन प्राणी
(परिसर अभ्यास : पाठ-टिपण)

हेतू : रोग एकाच वाटेने येत नाही, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे.

विवेचन : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची भारतातील पहिली साथ आढळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथेही आली. अंबरनाथ-बदलापूरकडील खेड्यांतही लोक कोंबड्या पाळतात. म्हणून हा विषय शिकवणे अगत्याचे आहे.

याचा विषाणू सस्तन प्राण्यांत निरनिराळ्या वाटांनी शिरतो. पहिली वाट तोंडाची. बाधित पक्षी वा कच्चे मांस खाल्ल्याने मांजरकुळातील प्राण्यांस हा रोग जडतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने दगावले. दुसरी वाट नाकाडोळ्यांची. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत जाते; दूषित हात डोळ्यांस लागल्यानेही बाधा होऊ शकते. तिसरी वाट दुधाची. २०२४ मध्ये अमेरिकेत गाईंच्या दुधात हा विषाणू सापडला. ते कच्चे दूध प्यालेली मांजरे मेली.

सूचना : मेलेल्या पक्ष्यास मुलांनी हात लावू नये, तो कुत्र्यामांजरांपुढे टाकू नये, वडीलधाऱ्यांकरवी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मांस व अंडी पुरती शिजविल्याने आणि दूध उकळल्याने विषाणू नष्ट होतो, हेही शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

प्रश्न : मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकल्यास रोग कोणकोणत्या वाटांनी घरात येईल?