आकाशातील मौन : विमान आणि नियंत्रण कक्ष यांचा संवाद तुटतो तेव्हा

दि. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळाकडे निघालेले जेट एअरवेजचे ‘९ डब्ल्यू ११८’ हे विमान मध्य युरोपावरून जात असता निरुत्तर झाले. विमानात ३३० प्रवासी आणि १५ कर्मचारी होते. जर्मनीच्या आकाशात त्याच्याशी संपर्क होईना, तेव्हा जर्मन वायुदलाची लढाऊ विमाने त्याच्याजवळ जाऊन पोहोचली. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका विमानातून टिपलेले ते दृश्य पुढे जगभर पाहिले गेले. सुदैवाने संपर्क पुन्हा जुळला, विमान लंडनला सुखरूप उतरले आणि चौकशी होईपर्यंत वैमानिकांना कामावरून दूर ठेवण्यात आले.

एवढे मोठे विमान, त्यात एकापेक्षा अधिक रेडिओ संच. तरीही ते मुके कसे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की प्रथम रेडिओलहरींचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो.

आपल्या परभणीकरांना रेडिओ नवा नाही. आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींवर ऐकत येथील पिढ्या वाढल्या. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर पसरतात, म्हणून आडगावातल्या शेतातही त्या पोहोचतात. विमाने मात्र ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या अतिउच्च वारंवारितेच्या पट्ट्यात बोलतात. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे पस्तीस हजार फुटांवरील विमानाचा आवाज जमिनीवरील केंद्राला फार तर चारशे किलोमीटरच्या आसपास ऐकू येतो. पुढे पृथ्वीची वक्रता आड येते. गंमत अशी की, आवाज लहरींवर चढवण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे : लहरीची उंची कमीजास्त करणे, म्हणजेच एएम. विमानवाहतुकीने एफएमची स्वच्छ वाणी सोडून ही खरखरीत रीत टिकवली आहे. एफएममध्ये प्रबळ आवाज दुबळ्याला गिळून टाकतो. एएमवर दोघे एकाच वेळी बोलले, तर शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि आणखी कोणीतरी बोलू पाहत होते, हे नियंत्रकाला निदान कळते.

लहरींची धाव मर्यादित असल्यामुळे, आणि एका नियंत्रकाला मोजकीच विमाने सांभाळता येत असल्यामुळे, आकाशाचे विभाग पाडावे लागतात. मुंबईहून हैदराबादला जाणारे विमान मराठवाडा ओलांडताना एका नियंत्रकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवले जाते. पहिला नियंत्रक सांगतो, “आता अमुक वारंवारितेवर बोला.” वैमानिक तो आकडा जसाच्या तसा परत उच्चारतो, संचावर जुळवतो आणि नव्या नियंत्रकाला आपले नाव व उंची सांगतो. हा आकडा परत उच्चारण्याचा दंडक वरवर पाहता पोरखेळ वाटेल. पण ‘तीन’ऐवजी ‘सात’ ऐकले गेले असेल, तर ते पकडण्याची हीच एक जागा असते. युरोपात तर देश लहान. तासाभरात अनेकदा वारंवारिता बदलावी लागते.

आणि बहुतेक मौनांचा उगम याच सांध्यात सापडतो. संच जळून गेला, असे क्वचित घडते. बहुधा आकडा चुकीचा जुळवलेला असतो, सोपवणीची सूचनाच ऐकली गेलेली नसते, आवाजाचे बटण कमी राहिलेले असते, किंवा कोणाच्या तरी माइकची कळ अडकून ती वारंवारिताच सर्वांसाठी बंद झालेली असते. अशा वेळी वैमानिकाला आपण हरवलो आहोत, याची जाणीवही नसते. त्याच्या कानाशी शांतता असते आणि रात्रीच्या आकाशात शांतता ही काही संशय घेण्याची गोष्ट नव्हे.

जमिनीवर मात्र त्याच शांततेचा अर्थ वेगळा लावला जातो. ११ सप्टेंबर २००१ नंतर निरुत्तर विमान म्हणजे अपहरणाची शक्यता, असे समीकरण बनले. ताशी नऊशे किलोमीटर वेगाचे विमान एका मिनिटात पंधरा किलोमीटर जाते; खात्री करून घेण्यास वेळ फार थोडा उरतो. लढाऊ विमान पाठवतात ते प्रथम पाहण्यासाठी. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे येणारे हेलिऑस कंपनीचे विमान असेच निरुत्तर झाले होते. ग्रीसच्या एफ-१६ विमानांतील वैमानिकांनी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा मुख्य वैमानिकाची जागा रिकामी होती आणि सहवैमानिक निपचित पडलेला होता. विमानातील हवेचा दाब घटल्याने बहुतेक सारे बेशुद्ध झाले होते. त्या १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

याच्या उलट टोकाला १ सप्टेंबर १९८३ ची घटना आहे. कोरियन एअर लाइन्सचे ‘००७’ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि क्षेपणास्त्राने पाडले गेले. २६९ जण मृत्युमुखी पडले. सर्व विमानांनी ऐकायची आणीबाणीची वारंवारिता १२१.५ मेगाहर्ट्झ आहे. तिच्यावर त्याला एकही हाक दिली गेली नव्हती. या घटनेनंतर १९८४ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या करारात, उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवण्यापासून राष्ट्रांनी परावृत्त राहावे, असे कलम घालण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या मते, विमानवाहतुकीच्या साऱ्या नियमांत याहून मोलाचे कलम दुसरे नाही. आणि ते लिहिले जाण्यास एवढी किंमत मोजावी लागली, हेही विसरता येत नाही.

मुके झालेले विमानही सभ्यपणे बोलू शकते, ते ठरलेल्या खुणांच्या बळावर. संच निकामी झाल्याचे लक्षात येताच वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा अंक लावतो. रडारच्या पडद्यावर त्याच्या ठिपक्याशेजारी तो उमटतो. (अपहरणासाठी ७५००, इतर संकटांसाठी ७७००.) हवा स्वच्छ असेल, तर त्याने जवळच्या योग्य विमानतळावर उतरावे. ढगांत असेल, तर शेवटी मिळालेली उंची व वेग काही मिनिटे कायम ठेवावा, मग आधी कळवलेल्या मार्गानेच जावे आणि ठरल्या वेळेच्या जवळपास उतरण्यास आरंभ करावा. नियंत्रकालाही हे नियम पाठ असतात. त्यामुळे आवाज नसतानाही हे विमान आता काय करील, हे तो जाणतो आणि इतर विमानांना त्याच्या वाटेतून दूर करतो. शेजारी आलेल्या लढाऊ विमानाने पंख डोलावले, तर ‘माझ्यामागे ये’. आपण पंख डोलावले, तर ‘समजले, येतो’.

असे विमान अखेर विमानतळापाशी पोहोचते, तेव्हा मनोऱ्यातील नियंत्रक हाती दिवा घेतो. स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्यास परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे येथे उतरणे धोक्याचे. वैमानिक दिवसा पंख हलवून आणि रात्री उतरण्याचे दिवे दोनदा लावून-मालवून पोच देतो. उपग्रहांच्या आजच्या काळातही हा दिवा मनोऱ्यात हाताशी ठेवलेला असतो.