जुन्या वस्तूंचा जोडधंदा : उगम, वर्णन आणि हिशेब

अमरावती-नागपूर महामार्गावर तिवसा तालुक्यात वसलेले गुरुकुंज मोझरी हे गाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची कर्मभूमी म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. स्वावलंबन, ग्रामोद्योग आणि स्वच्छता ही ग्रामोन्नतीची अंगे होत, हा विचार ग्रामगीतेच्या द्वारे येथूनच गावोगावी पोहोचला. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे जन्मगाव. चिंध्यांचे वस्त्र अंगावर आणि फुटके गाडगे हाती घेऊन वावरणाऱ्या या संताने टाकाऊ मानलेल्या वस्तूलाही उपयोग असतो, हे स्वतःच्या वेषानेच लोकांना दाखवून दिले.

वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत आज मोबाईल फोन आणि त्यावरून पैशांची देवघेव या गोष्टी नित्याच्या झाल्या आहेत. घरातील अडगळीत पडलेली पितळी भांडी, परीक्षा संपल्यावर निरुपयोगी ठरलेली पुस्तके, दुरुस्त होऊ शकणारे पंखे, शिलाई यंत्रे, फवारणी पंप अशा वस्तूंना गावाबाहेरचा ग्राहक मिळणे त्यामुळे शक्य झाले आहे. शेती किंवा मजुरी सांभाळून फावल्या वेळात असा धंदा करता येईल काय, ही विचारणा सुशिक्षित तरुण व बचत गटांतील भगिनी यांच्याकडून होऊ शकते. त्यांना सल्ला देणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांना, शिक्षकांना व ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांना या धंद्याचे बारकावे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

धंदा जुनाच, बाजार नवा

जुन्या वस्तूंचा व्यापार महाराष्ट्राला नवा नाही. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात नवी भांडी देणारी बोहारीण आपल्या परिचयाची आहे. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार याच व्यापाराची मोठी केंद्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून, ठोकून पाहत असे आणि मगच भाव करीत असे. वस्तूची पारख ही त्याची जबाबदारी होती.

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा व्हॉट्सॲपवरील समूह यांच्यामार्फत होणाऱ्या विक्रीत नेमकी हीच गोष्ट बदलते. अमरावतीचा किंवा नागपूरचा ग्राहक मोझरीतील वस्तू केवळ छायाचित्रात पाहतो. पारख करण्याचे त्याचे काम आता विक्रेत्याने त्याच्यासाठी करावयाचे असते. म्हणून या धंद्यात स्वस्तात माल मिळविण्याच्या कसबाइतकेच तीन गोष्टींना महत्त्व आहे. वस्तू आली कोठून, ती आहे कशी आणि सर्व खर्च वजा जाता हाती उरले किती, या त्या तीन गोष्टी होत. उगम, वर्णन आणि हिशेब यांपैकी एक जरी कच्चा राहिला तरी धंदा टिकत नाही.

हिशेबाचा धडा

प्रथम हिशेबाचाच विचार करू, कारण नवख्या माणसाची फसगत बहुधा येथेच होते. उदाहरणादाखल असे समजू की, एका तरुणाने स्पर्धा परीक्षेच्या जुन्या पुस्तकांचे पाच संच प्रत्येकी २०० रुपयांस घेतले व प्रत्येक संच ५०० रुपयांस विकण्याचे ठरविले. वरवर पाहता प्रत्येक संचामागे ३०० रुपये नफा दिसतो. परंतु बांधणी व वेष्टणास ४० रुपये, पुठ्ठा व चिकटपट्टीस ३० रुपये आणि टपालास ८० रुपये लागले, तर नफा १५० रुपयांवर येतो. चार संच विकले गेले व एक पडून राहिला, तर चार संचांचे ६०० रुपये मिळतात. पण पडून राहिलेल्या संचाची खरेदी व बांधणी मिळून २४० रुपये अडकतात. उरले ३६० रुपये. पुस्तके आणण्यासाठी अमरावतीस जाण्यायेण्याचे १५० रुपये वजा केले की हाती राहतात अवघे २१० रुपये. या कामी एकूण १५ तास खर्ची पडले असतील, तर तासाला १४ रुपये पडले!

हा हिशेब निराश करण्यासाठी नव्हे, सुधारणा कोठे करावी हे दाखविण्यासाठी आहे. टपालखर्च ग्राहकाने द्यावा असे आधीच ठरले असते, तर ३२० रुपये वाचून शिल्लक ५३० रुपये झाली असती. जवळच्या ग्राहकास वस्तू हातोहात दिली, तर पुठ्ठा व टपाल दोन्ही वाचतात. अन्य कामासाठी शहरात जाणे झाले तेव्हाच खरेदी केली, तर प्रवासखर्चाचा भार धंद्यावर पडत नाही. मागणी पाहूनच खरेदी केली, तर माल पडून राहत नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवावी. तीत खरेदीची तारीख, देणाऱ्याचे नाव, दिलेली किंमत, दुरुस्ती, बांधणी, वाहतूक, विक्री आणि लागलेला वेळ असे रकाने असावेत. कर्ज काढून जुना माल साठविणे कटाक्षाने टाळावे. आरंभ स्वतःच्या घरातील वस्तूंपासून करावा. त्यात भांडवल गुंतत नाही आणि अनुभव मात्र मिळतो.

पुस्तकांच्या बाबतीत आवृत्ती व अभ्यासक्रम यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची झाली. त्यापूर्वीच्या पद्धतीसाठी लिहिलेली पुस्तके कितीही कोरी दिसली, तरी त्यांचे मोल कमी झाले आहे. पुस्तके पाठविण्यासाठी डाक विभागाने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सवलतीची सेवा सुरू केली आहे. कोणती पुस्तके तीत बसतात, याची चौकशी नजीकच्या टपाल कार्यालयात करून घ्यावी.

वर्णनातील सचोटी

वस्तूचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर आणि सर्व बाजूंनी घ्यावे. लांबी, रुंदी व वजन मोजून लिहावे. महत्त्वाचे म्हणजे दोष प्रथम सांगावा. घंगाळाला डाग दिला असेल, तर त्या डागाचेच छायाचित्र द्यावे. पंखा चालतो पण आवाज करतो, पुस्तकाची काही पाने रेघोट्यांनी भरली आहेत, पंपाचे नळकांडे बदलले आहे, असे स्पष्ट लिहावे. दोष सांगितल्याने एखादा ग्राहक जाईल. परंतु दोष लपविल्याने वस्तू परत येते, दुहेरी वाहतूक अंगावर पडते आणि नाव खराब होते ते वेगळेच. ‘पुरातन’, ‘अस्सल’, ‘दुर्मिळ’ हे शब्द खात्री असल्याखेरीज वापरू नयेत. पितळेला मुलामा दिलेली वस्तू तांब्याची म्हणून विकणे ही फसवणूकच होय.

ही केवळ नीतीची गोष्ट नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम, २०२० यांनी ऑनलाईन विक्रेत्यावर निश्चित जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल, तर ती परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची प्रशंसा लिहिण्यासही मनाई आहे.

उगमाची खात्री : काय विकू नये

जुन्या वस्तूच्या व्यापारातील सर्वांत मोठा धोका तिच्या उगमात असतो. चोरीची वस्तू ती चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, जवळ बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. अनोळखी माणूस निम्म्याहून कमी भावात मोबाईल देऊ करतो, तेव्हा असे कारण समोरच असते. जुना फोन घेण्यापूर्वी त्याचा आयएमईआय क्रमांक केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासून पाहता येतो. देणाऱ्याकडून नाव, पत्ता व सही असलेली पावती घेण्याची सवय प्रत्येक मोठ्या खरेदीत ठेवावी.

दुसरा धोका प्राचीन वस्तूंचा. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, शिल्पे, कोरीव वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखिते ही पुरावशेष ठरतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना जमिनीत दडलेले धन सापडले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

अमरावती जिल्ह्याच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष जिव्हाळ्याचा आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. आद्य मराठी गद्याची परंपरा या भूमीशी निगडित असून मराठी भाषा विद्यापीठही तेथेच आहे. अशा परिसरातील एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर रद्दी म्हणून बांधून ठेवलेल्या गाठोड्यात हस्तलिखित पोथी असू शकते. ती किलोच्या भावाने गेली किंवा पाने सुटी करून विकली गेली, तर होणारी हानी कोणत्याही किमतीने भरून येणार नाही. हस्तलिखित आढळल्यास ते न विकता, न पुसता, न शिवता विद्यापीठाच्या किंवा पुरातत्त्व विभागाच्या जाणकारांना दाखवावे.

मेळघाटासारखे वनवैभव लाभलेल्या या जिल्ह्यात जुन्या घरांतून शिंगे, कातडी, नखे, हस्तिदंती वस्तू निघतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांची विक्री हा गंभीर गुन्हा आहे. त्यांची जाहिरातही करू नये.

कर आणि सेवानियम

वस्तूंच्या व्यापारात वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल, तर महाराष्ट्रात सामान्यतः वस्तू व सेवा कराखाली नोंदणी करावी लागत नाही. ई-वाणिज्य मंचावरून राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर ही सवलत मिळाली आहे. मात्र करपात्र वस्तू परराज्यात विकावयाच्या असल्यास उलाढाल कितीही लहान असली तरी सामान्यतः नोंदणी आवश्यक ठरते. छापील पुस्तके करमुक्त आहेत. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या वस्तूंवर संपूर्ण किमतीऐवजी खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठी खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसावी. या सोयीचा लाभ घेण्यास प्रत्येक वस्तूची खरेदी नोंदलेली असावी लागते. येथेही वहीच उपयोगी पडते.

शासकीय कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरातील जुने कपाट विकणे हा व्यापार नव्हे; परंतु विकण्यासाठी वस्तू नियमित खरेदी करणे हा व्यापार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय तो करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी या धंद्याचे मार्गदर्शक व्हावे, पण भागीदार होण्यापूर्वी नियम पाहावेत.

विक्रेत्याची सुरक्षितता

फसवणूक विक्रेत्याचीही होते. वस्तू न पाहताच सांगितलेली किंमत तत्काळ मान्य करणारा, आपण दूरच्या ठिकाणी नोकरीस असल्याचे सांगणारा आणि पैसे घेण्यासाठी एखादे चौकोनी चित्र स्कॅन करावयास लावणारा ग्राहक संशयास्पद समजावा. पैसे देण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, हे प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे. रक्कम खात्यात जमा झाल्याचे बँकेकडून पडताळल्याखेरीज माल देऊ नये. समोरच्याने पाठविलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. देवघेव दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी करावी. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जुना फोन विकताना आपली खाती व माहिती त्यातून पूर्णपणे काढून टाकावी.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीला या कामी पुष्कळ करता येईल. सुका कचरा वेगळा करतानाच दुरुस्त होण्याजोग्या वस्तू बाजूला काढता येतात. वर्षातून एखाद्या दिवशी चावडीवर जुन्या वस्तूंचा बाजार भरविता येईल. गावातील सुतार, तांबट, शिंपी आणि विजेच्या वस्तू दुरुस्त करणारे कारागीर यांना त्यातून काम मिळेल. बचत गटाने एकत्र येऊन छायाचित्रे, बांधणी व टपाल ही कामे वाटून घेतल्यास प्रत्येकीचा वेळ वाचेल. शाळांनी वरील पाच संचांचे उदाहरण गणिताच्या तासाला घ्यावे आणि जून महिन्यात जुन्या पुस्तकांची देवघेव घडवून आणावी.

या जोडधंद्यातून मोठी संपत्ती मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. सांभाळून केल्यास घरखर्चाला हातभार लागेल, वापरण्याजोगी वस्तू उकिरड्यावर जाणार नाही आणि गरजू विद्यार्थ्याला किंवा शेतकऱ्याला ती परवडणाऱ्या भावात मिळेल, एवढे मात्र निश्चित. त्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. एक वही, एक वजनकाटा आणि दोष आधी सांगण्याची सवय एवढ्यावर आरंभ करता येतो.