सायलेन्सरवरील पिवळे-निळे डाग : कारागिरांनी काय करावे, काय टाळावे

मोटारसायकल दुरुस्ती, पॉलिश आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्याकडे येणारे एक काम दिसायला लहान आहे, पण बिघडले तर महागात पडते. गिऱ्हाईक स्टेनलेस स्टीलच्या सायलेन्सरची गाडी घेऊन येते, इंजिनाजवळच्या बेंड पाइपाकडे बोट दाखवते आणि म्हणते, "उस्ताद, हे पिवळे-निळे डाग काढून द्या, पाइप नव्यासारखा झाला पाहिजे." उस्ताद शागीर्दाला हाक मारतात आणि पोराच्या हाती जे लागेल त्याने घासाई सुरू होते. कधी पॉलिश पेपर, कधी तारेची घासणी, तर कधी संडास धुण्याचे ॲसिड. दोन दिवस पाइप चकाकतो. महिनाभराने गिऱ्हाईक परत येते तेव्हा त्यावर बारीक खड्डे आणि तांबूस ठिपके पडलेले असतात. आता भरपाई कोणी करायची, यावरून वाद होतो.

हा वाद टाळता येतो. त्यासाठी तो रंग कशाचा आहे, हे आधी समजून घ्यावे लागेल.

स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असते, निदान साडेदहा टक्के. भांड्यांना वापरतात त्या ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. सायलेन्सरला पुष्कळदा ४०९ नंबरचे स्टील वापरतात, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असते. हवेतील प्राणवायूशी मिळून हे क्रोमियम पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारे कवच तयार करते. स्टील गंजत नाही ते या कवचामुळे. पाइप तापला की कवच जाड होत जाते. पावसात रस्त्यावर तेलाचा थेंब पडला तर पाण्यावर रंगांचे वर्तुळ दिसते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे रंग तेलात नसतो. पातळ थरातून प्रकाश परतताना तो दिसतो. पाइपाचेही तसेच आहे. थर जसजसा जाड होतो तसतसा रंग पिवळ्याकडून निळ्याकडे सरकतो.

म्हणून हा रंग साबणाने जात नाही. तो मळ नाही, धातूचाच जळालेला पापुद्रा आहे. तो काढायचा म्हणजे धातूचा एक सूक्ष्म थर उतरवायचा. ही गोष्ट शागीर्दाच्या मनात पक्की बसली तर निम्म्या चुका आपोआप टळतील.

रंग काय सांगतो

३०४ जातीचे स्टील उघड्या हवेत तापवले तर सुमारे २९० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो. ३४० ला तो गवती पिवळा होतो, ३७० ला गडद पिवळा, ३९० च्या सुमारास तपकिरी, ४५० ला गडद जांभळा, ५४० ला निळा आणि ६०० च्या पुढे काळपट निळा. हे आकडे अंदाजाचे धरावेत. कमी उष्णतेवर फार वेळ तापले तरी रंग गडद होतो, आणि क्रोमियम कमी असलेल्या स्टीलवर तोच रंग कमी उष्णतेला येतो. तरीही जाणत्या कारागिराला यातून बरेच कळते.

बेंड पाइपावर इंजिनापासून वीतभर सोनेरी छटा असेल तर काळजीचे कारण नाही. चांगल्या चाललेल्या गाडीचा स्टीलचा पाइपही तसा होतो. परंतु गडद निळा-जांभळा रंग एकाएकी आला किंवा दोन सिलिंडरच्या गाडीत एकच पाइप निळा पडला, तर आधी इंजिनाकडे पाहावे. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल, इग्निशनचे टायमिंग मागे गेले असेल, किंवा हेड आणि पाइप यांच्यामधील गॅस्केट उडून तेथून हवा ओढली जात असेल. गाडी स्टँडवर उभी करून दहा-पंधरा मिनिटे रेस देत राहण्याची सवयही पाइप निळा करते, कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही. ही सवय गिऱ्हाइकांपेक्षा गॅरेजमध्येच जास्त आढळते, हे कबूल केले पाहिजे.

कारण दूर न करता पाइप घासून दिला तर आठवड्याभरात रंग परत येतो आणि बोल कारागिराला लागतो. म्हणून आधी इंजिन तपासावे, मग पॉलिश हाती घ्यावे, आणि दोन्हींची मजुरी वेगवेगळी सांगावी.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. निळा पडलेला पाइप हा इंजिनाच्या तब्येतीचा दाखला असतो. इंजिनातील दोष तसाच ठेवून केवळ पाइप चकचकीत करून गाडी विकणे म्हणजे ऐब झाकून माल विकणे होय. असा सौदा आपल्याकडे काय समजला जातो, हे वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. दोष काढून पाइप पॉलिश केला असेल तर तसे बेलाशक सांगावे. त्याने किंमत कमी होत नाही, उलट खरेदीदाराचा भरवसा वाढतो.

पाइप कशाचा आहे, ते आधी ओळखा

चकाकणारा प्रत्येक पाइप स्टेनलेस नसतो. साध्या लोखंडावर निकेल-क्रोमचा मुलामा दिलेले पाइप आपल्याकडे पुष्कळ आहेत. जुन्या बुलेटचा निळा पडलेला पाइप पुष्कळदा या जातीचा असतो. मुलाम्यावरचा क्रोमचा थर अत्यंत पातळ असतो. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की निकेल उघडे पडते, आणखी घासले की लोखंड. मग नव्याने मुलामा चढवण्याखेरीज इलाज नाही. अशा पाइपावर फक्त क्रोमसाठी मिळणारे मऊ पॉलिश आणि सुती कापड वापरावे, आणि गडद निळा पूर्ण जाणार नाही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

ओळखायला लोहचुंबक लावून पाहतात, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. चुंबक चिकटला नाही तर पाइप बहुधा ३०४ च्या जातीचा आहे. चिकटला तर तो मुलाम्याचा असेल किंवा ४०९ स्टेनलेसही असेल, कारण ४०९ ला चुंबक चिकटतो. मग पाइपाची खालची बाजू, वेल्डिंगची जागा आणि क्लॅम्पखालची जागा पाहावी. मुलामा असेल तर तेथे सुटलेले पापुद्रे आणि गंजाचे फोड दिसतात. महागड्या गाड्यांना टायटॅनियमचे पाइपही येतात. ते हाताला फार हलके लागतात आणि त्यांच्यावरचे निळे-जांभळे रंग पुष्कळदा हौसेने ठेवलेले असतात. विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

काम करण्याची रीत

पाइप पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे. गरम पाइपावर पॉलिश करपते आणि ॲसिडची वाफ नाकात जाते. सायलेन्सरचे तोंड बोळ्याने बंद करावे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो, तेथे पाणी व रसायन जाऊ देऊ नये. ब्रेकची डिस्क आणि टायर प्लास्टिकने झाकावेत. पॉलिशचा एक फटकारा डिस्कवर उडाला तर ब्रेक लागत नाही, आणि त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

मग साबणाच्या पाण्याने पाइप धुवावा आणि कोरडा झाल्यावर थिनर लावलेल्या फडक्याने तेलकटपणा काढावा. वितळलेली पिशवी किंवा रेनकोट चिकटला असेल तर लाकडी पट्टीने खरवडावा, पात्याने नव्हे. पुढचे काम आधी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी दोन बोटे रुंदीवर करून पाहावे.

फिकट पिवळा आणि सोनेरी रंग धातूच्या साध्या पॉलिशने निघतो. सुती फडक्यावर थोडे पॉलिश घ्यावे आणि हात धीराने चालवावा. पाइप आरशासारखा नसून त्यावर बारीक रेघांचे फिनिश असेल, तर घासाई त्या रेघांच्याच दिशेने करावी. गोल-गोल घासले तर उन्हात जाळे दिसते आणि ते काढायला पहिल्या कामाच्या तिप्पट वेळ लागतो.

तपकिरी आणि निळ्याला पॉलिश पुरत नाही. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड असलेली पावडर मिळते, तिचा पाण्यात घट्ट लेप करून ओल्या पाइपावर लावावा. मिनिटभराने मऊ स्पंजने घासावे आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावे. लागल्यास पुन्हा करावे. हे ॲसिड पोटात गेले तर विषारी आहे. रबरी हातमोजे घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा आणि डबा चहाच्या सामानाजवळ ठेवू नये. धुतल्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी एकदा फिरवले म्हणजे उरलेले ॲसिड मरते.

काळपट निळा, खरखरीत पापुद्रा असेल तर पाइप उतरवून घ्यावा. ६०० किंवा ८०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून १००० आणि १५०० पर्यंत पाण्याबरोबर जावे आणि शेवटी कापडी बफ फिरवावा. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाइपाची भिंत पातळ असते, म्हणून वाकलेल्या भागावर बफ एकाच जागी दाबून धरू नये. आणि लोखंडावर चालवलेला बफ किंवा ब्रश स्टेनलेसवर चालवू नये. त्यात अडकलेले लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि पहिल्या पावसात गंजतात. लोखंडी तारेची घासणीही हेच करते. गिऱ्हाईक म्हणते, "तुमचे स्टेनलेस गंजले." गंजलेले असते ते आपण रुतवलेले लोखंड.

ॲसिडविषयी इशारा

संडास धुण्याच्या ॲसिडात मिठाचे तेजाब असते. त्याने रंग झटकन जातो, म्हणून ते लोकप्रिय आहे. पण त्यातील क्लोराइड स्टेनलेसचे कवच फोडून आत सुईसारखे खड्डे पाडते. समुद्राच्या खाऱ्या हवेत, म्हणजे मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत सगळीकडे, हेच काम हळूहळू होत असते. ते आपण हाताने घाईने का करावे? ब्लीचिंगचे पाणी आणि ॲसिड तर चुकूनही एकत्र आणू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

याहून मोठा धोका पिकलिंग पेस्टचा आहे. वेल्डिंगचे काळे डाग काढण्यासाठी कारखान्यांत ती वापरतात आणि तेथून ती गॅरेजांतही येते. तिच्यात नायट्रिक ॲसिडबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. हे ॲसिड कातडीला लागले तर पुष्कळदा लगेच आग होत नाही. मुलगा हात पुसून काम करत राहतो. ॲसिड मात्र आत मांसात उतरते, शरीरातील कॅल्शियम खेचून घेते, आणि काही तासांनी असह्य ठणका सुरू होतो. जास्त भाग भाजला तर हृदय बंद पडून मृत्यूही येतो. कारखान्यात यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम, खास हातमोजे आणि वाहते पाणी तयार ठेवलेले असते. फुटपाथवरच्या गॅरेजमध्ये यातले काय असते? म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की सायलेन्सरच्या रंगासाठी ही पेस्ट गॅरेजमध्ये आणूच नये. कोणाच्या अंगावर पडलीच, तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली धरावे, दुखत नसले तरी ताबडतोब इस्पितळात न्यावे आणि डॉक्टरांना ॲसिडचे नाव सांगावे. डबा फोटो काढून बरोबर न्यावा म्हणजे वेळ वाया जात नाही.

मजुरी आणि कबुली

गिऱ्हाइकाला काम घेतानाच सांगावे की सोनेरी छटा पहिल्या लांब फेरीनंतर परत येणारच. ती कायमची घालवण्याचे औषध आमच्या पाहण्यात नाही. वॅक्स बेंड पाइपावर जळून जाते. पाइपाला कापडी पट्टी गुंडाळली तर रंग झाकतो, पण पट्टी पाणी धरून ठेवते आणि आतून पाइप खाते. कायमची हमी देऊन जास्त पैसे घेण्यापेक्षा "महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा आणा, हलका हात मारून देतो" असे सांगितले तर तेच गिऱ्हाईक वर्षातून चार वेळा येते. बिलावर पाइपाची जात, आधीचे खड्डे आणि ओरखडे लिहून ठेवावेत.

शेवटच्या टप्प्यावर पुष्कळजण घाई करतात. पॉलिश झाल्यावर पाइप स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करावा, नव्या फडक्यावर थिनर घेऊन एकदा पुसावा आणि त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवू नये. हाताचे तेल पाइपावर राहिले तर तापल्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे भाजून निघतात आणि मेहनत पुन्हा करावी लागते. नवीन पाइप बसवतानाही हीच काळजी घ्यावी. थिनर पूर्ण उडाल्यावरच, बोळा काढून, इंजिन सुरू करावे. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आणि वास येतो, तो सांध्यांत राहिलेल्या पॉलिशचा असतो. गाडी ताब्यात देताना हे सांगून ठेवावे, नाहीतर गिऱ्हाईक पुढच्याच चौकातून घाबरून परत येते.