साथीच्या काळात आपली मुले सेवेला का गेली?



२०२० सालच्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू केली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या दारी एक पथक येऊन गेले असेल. एक आरोग्य कर्मचारी आणि सोबत दोन स्वयंसेवक, अशी त्या पथकाची रचना होती. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, घरात कोणाला मधुमेह आहे, कोणाला रक्तदाब आहे हे लिहून घ्यायचे आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर या काळात दोन फेऱ्यांत हे काम झाले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत चाळी किती, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती किती, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. राज्यभरात या कामात महाविद्यालयीन मुले-मुलीही उतरली होती. त्याच ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन चालू होत्या, लस अजून आलेली नव्हती आणि आपली चर्चेसही बंदच होती. ती १६ नोव्हेंबरला उघडली.

ही मुले का गेली? आणि त्याच वयाची, त्याच वर्गातली, त्याच चर्चमध्ये येणारी बाकीची मुले का गेली नाहीत? या आठवड्याच्या अभ्यासासाठी हा प्रश्न घेतला आहे. कौतुक करून हा विषय संपवणे सोपे आहे. परंतु पुढची साथ येईल तेव्हा आपल्या धर्मग्रामातून कोण उभे राहील, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कारण एकच नसते

अमेरिकेतील गिल क्लॅरी आणि मार्क स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९८ साली स्वयंसेवकांच्या प्रेरणा मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती पुढे अनेक देशांत वापरली गेली, चीनमध्येही. त्यांच्या मते माणूस सेवेला निघतो त्यामागे सहा प्रकारची कारणे असतात. दुसऱ्याविषयी खरी कळकळ हे पहिले. काहीतरी नवे शिकायला, पाहायला मिळेल, हे दुसरे. मित्र जात आहेत किंवा घरच्यांना ते आवडेल, हे तिसरे. पुढे नोकरीसाठी उपयोग होईल, हे चौथे. आपण सुखात आहोत आणि इतर दुःखात, ही मनाची टोचणी शांत करणे हे पाचवे. आपणही कोणाच्या तरी उपयोगी पडतो, ही भावना मिळणे हे सहावे. एकाच मुलाच्या मनात यातली तीन-चार कारणे एकदम असू शकतात. बहुधा असतातच.

चीनमध्ये २३ जानेवारी २०२० रोजी वुहान शहर बंद झाले, तेव्हा तेथील विद्यार्थी नववर्षाच्या सुट्टीसाठी आपापल्या गावी गेले होते. त्यांतील अनेकांनी आपल्याच वस्तीच्या फाटकावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा ताप मोजला, वृद्धांच्या घरी भाजी-औषधे पोहोचवली. त्या देशात विद्यार्थ्यांच्या सेवेच्या तासांची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे हे मनापासून की नोंदीसाठी, असा प्रश्न तेथेही विचारला जातो.

आपल्याकडे तो फार जुना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आपण तिला 'एनएसएस' म्हणतो. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर. 'मी नव्हे, तर तुम्ही' हे तिचे बोधवाक्य. आणि मुंबई विद्यापीठात तिच्याबरोबर दहा वाढीव गुणांची सवलत! बोधवाक्य एकीकडे आणि दहा गुण दुसरीकडे, यावर कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये किती विनोद होत असतील, ते सांगायला नको. घराघरांतूनही ऐकू येते, "गुणांसाठी करतो तो, सेवा कसली?"

जब्दीच्या मुलांची आई

हा टोमणा मारण्याआधी संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडून पाहावा. याकोब आणि योहान यांची आई प्रभूकडे येते आणि राज्यात आपल्या मुलांसाठी उजवीकडची व डावीकडची जागा मागते. संत मार्कच्या शुभवर्तमानात तर ती मागणी मुले स्वतःच करतात. इतर दहा शिष्यांना राग येतो. (त्यांनाही त्या जागा हव्या असाव्यात, असे वाटते.) प्रभू येशू मात्र त्या दोघांना हाकलून देत नाही. तू मनापासून आलास की जागेसाठी, अशी चौकशीही करीत नाही. माझा प्याला तुम्हांला पिता येईल का, एवढेच विचारतो. ते हो म्हणतात, आणि ते पितील असे प्रभू सांगतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा याच याकोबाला तलवारीने मारतो. जागा मागायला आलेला माणूस बारा जणांत पहिला रक्तसाक्षी ठरला.

येथे एका संशोधनाची आठवण होते. अमेरिकेत एड्सच्या साथीत रुग्णांची सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांचा ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी अडीच वर्षे मागोवा घेतला आणि १९९५ साली निष्कर्ष मांडले. एड्सच्या रुग्णाला शिवायलाही लोक तेव्हा घाबरत. आपल्याला वाटेल, ज्यांच्या मनात दुसऱ्याविषयी शुद्ध कळवळा होता तेच जास्त काळ टिकले असतील. निघाले उलटेच. काही शिकायचे होते, स्वतःमध्ये बदल घडवायचा होता, स्वतःविषयी बरे वाटून घ्यायचे होते, असे सांगणारे अधिक काळ टिकले. या निष्कर्षाचा फार मोठा अर्थ काढू नये, कारण तो शंभराहून थोड्या अधिक स्वयंसेवकांवर आधारलेला आहे. पण ज्याला सेवेतून स्वतःलाही काही मिळते तो थकला तरी परत येतो, हे आपल्याला अनुभवाने पटण्यासारखे आहे. तेव्हा दहा गुणांसाठी आलेल्या मुलाला दारातच लाजवू नये. त्याला काम द्यावे. पुढचे काम रुग्ण करतो.

टोमण्यातून सुरू झालेली सेवा

आपल्या बहुतेक धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. तिची मंडळी आता बहुधा साठीपुढची दिसतात, म्हणून ती ज्येष्ठांची संस्था आहे असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ती कॉलेजच्या पोरांनी काढली. १८३२ साली पॅरिसमध्ये कॉलराने अठरा हजारांहून अधिक माणसे मेली. फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी तेव्हा त्याच शहरात शिकत होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत तो चर्चची बाजू हिरिरीने मांडत असे. विरोधकांनी त्याला विचारले, तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही स्वतः गरिबांसाठी काय करता? उत्तर नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे त्याच्या विसाव्या वाढदिवशी, तो आणि त्याचे मोजके सोबती एकत्र जमले. सिस्टर रोझाली रेंदू या व्रतस्थ भगिनीने त्यांना कोणत्या गल्लीत, कोणत्या घरी जायचे ते दाखवले. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ साली ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले. सुरुवात झाली ती मात्र भर सभेत झालेल्या फजितीतून.

१८९९ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात प्लेग पसरला असताना भगिनी निवेदिता यांनी प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य या विषयावर सभेत भाषण केले. अध्यक्षस्थानी स्वामी विवेकानंद होते. पंधराएक विद्यार्थ्यांनी नावे दिली आणि वस्त्यांतील गल्ल्या साफ करायला ते निघाले. ही मुले आदल्या दिवशीही कोलकात्यातच होती, प्लेगही होता. फरक एवढाच की कोणीतरी त्यांना समोर उभे राहून विचारले. मत्तयच्या त्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला आला असताना बाजारात उभ्या असलेल्या माणसांना विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? त्यांचे उत्तर असे की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. २०२० मध्ये घरी मोबाइल घेऊन बसलेल्या आपल्या कित्येक मुलांचे खरे उत्तर हेच असेल. त्यांना स्वार्थी म्हणण्याआधी, आपण धर्मग्राम म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो का, हे तपासावे.

परवानगीचा प्रश्न

आता सर्वांत अवघड भाग. कल्याण-डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात आजी खाटेवर, वडिलांना दमा, आणि एकोणीस वर्षांची मुलगी म्हणते, "आई, मी सर्वेक्षणाला जाते." आईने काय म्हणावे? प्रवचनात याचे उत्तर सोपे वाटते, घरात ते तसे नसते. मुलगी स्वतःपुरता धोका पत्करू शकते. पण ती तो धोका घरीही घेऊन येते, आणि आजीला कोणी विचारलेले नसते. एप्रिल २०२० मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेने 'एनसीसी योगदान' या नावाने छात्रांना मदतकार्यात घेतले, तेव्हा अठरा वर्षांवरील वरिष्ठ छात्रच आणि तेही स्वेच्छेने, असा नियम ठेवला होता. तो शहाणपणाचा होता.

संत आलोयसियस गोन्झागा यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. २१ जून हा त्यांचा सण. हातात लिली आणि क्रूस घेतलेला तो गोरा तरुण चित्रात फार नाजूक दिसतो. खरी हकिकत तशी नाजूक नाही. १५९१ साली रोममध्ये दुष्काळ आणि साथ एकदम आली. आलोयसियस तेव्हा येशूसंघात ईश्वरविज्ञान शिकणारे तेवीस वर्षांचे विद्यार्थी होते. रुग्णांसाठी त्यांनी रस्त्यावर भीक मागितली आणि रुग्णालयात सेवा केली. या कामाची त्यांना मनातून शिसारी येत असे आणि त्यांनी ती सहकाऱ्याजवळ बोलूनही दाखवली होती. शिसारी आली म्हणून ते थांबले नाहीत, आणि ती येत नाही असे ढोंगही त्यांनी केले नाही. काही तरुण येशूसंघीयांना लागण झाल्यावर वरिष्ठांनी आलोयसियस यांना तेथे जाण्यास मनाई केली. त्यांनी पुन्हा विनंती केली, तेव्हा संसर्गाचे रुग्ण घेतले जात नसत अशा दुसऱ्या रुग्णालयात जाण्याची परवानगी मिळाली. तेथेच त्यांनी एका रुग्णाला बिछान्यातून उचलले. त्याला साथीचा आजार होता. मार्चमध्ये आलोयसियस अंथरुणाला खिळले आणि जूनमध्ये गेले.

ही कथा सांगताना वरिष्ठांनी केलेली मनाई आपण बहुधा गाळतो. ती गाळू नये. वरिष्ठ भित्रे नव्हते, आणि आलोयसियस यांनी त्यांना डावलून मागच्या दाराने पळ काढला नाही. विनंती झाली, विचार झाला, सावधगिरीची वाट शोधली गेली. आईने नाही म्हणणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे तरुणांनी समजू नये. आणि आईनेही पहिल्या नाहीवरच विषय बंद करू नये. घरोघर जाणे शक्य नसेल तर फोनवरून एकट्या वृद्धांची विचारपूस होते, औषधांची यादी करता येते, रक्तदान होते. २०२० मध्ये कॉलेजे बंद राहिल्याने तेथील रक्तदान शिबिरे थांबली आणि डिसेंबरात राज्यात रक्ताचा तुटवडा पडून शासनाला आवाहन करावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या मातीतले

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखणारे डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे कॅथलिक डॉक्टर होते. हे ऐकायला कोणालाच नको होते, तरी त्यांनी ते सांगितले. पुढच्याच वर्षी पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा केली. मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच साथीने त्यांचे निधन झाले. साष्टी बेटावरील गावठाणांत त्या काळी आपल्या पूर्वजांनी साथ टळावी म्हणून क्रूस उभारले, त्यांपैकी बरेच आजही उभे आहेत. मे महिन्यात तेथे माळेची प्रार्थना करताना मुलांना तो क्रूस कोणत्या साली आणि का उभारला हे सांगितले जाते का?

आज काय करता येईल

कोविडची धावपळ संपली, पण क्षयरोग आपल्या शहरांत आहेच. ९ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'निक्षय मित्र' उपक्रमात कोणीही व्यक्ती, गट किंवा संस्था, संमती दिलेल्या क्षयरुग्णाला निदान सहा महिने पोषक आहाराची शिधा-टोपली देऊ शकते. शासनाकडून रुग्णाला मिळणारे पोषण साहाय्य १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाले आहे, तरी नोकरी सुटलेल्या घरात तेवढ्याने भागत नाही. औषध साधारण सहा महिने चालते. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि तेथेच अनेक जण गोळ्या सोडतात. दर महिन्याला टोपली घेऊन दारात येणारा कोणी असला की गोळ्यांचीही चौकशी होते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातील क्षयरोग विभागात याची माहिती मिळते.

एका युवक गटाला हे सहज पेलण्यासारखे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आधी घरी बोलावे, मग मिस्सानंतर धर्मगुरूंकडे नाव द्यावे. का यायचे आहे, असे धर्मगुरूंनी विचारले तर खरे असेल तेच सांगावे, दहा गुण हे कारण असले तरी.